लेबल हरवलेलं ऑर्किड ओळखायचं कसं?

चार वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आणि जाताना अकरा कुंड्या आमच्या ग्रिलमध्ये ठेवून गेल्या. "नावं सगळी लिहिलेली आहेत गं, काळजी नको," म्हणाल्या. लिहिलेली होतीच, मार्करने. नेरूळचं पश्चिमेचं ऊन दोन उन्हाळे खाऊन त्या पाट्या कोऱ्या करकरीत झाल्या होत्या. फक्त एका पाटीवर खालच्या कोपऱ्यात '२८' एवढं उरलं होतं.

मी लगेच हुशारी केली. लग्नाच्या बुकेत जी जांभळी ऑर्किडं असतात ना, ती बहुतेक डेंड्रोबियम सोनिया जातीची. त्यातले सोनिया १७ आणि सोनिया २८ हे दोन क्लोन बाजारात खूप चालतात. कुंडीत डेंड्रोबियम, पाटीवर २८, मग दुसरं काय असणार? नवीन पाटी केली, 'डेन. सोनिया २८' असं लिहिलं आणि बिल्डिंगमधल्या दोघींना त्याची पिल्लंही त्याच नावाने वाटली. आठ महिन्यांनी फूल आलं ते हिरवट पिवळं, वर शिंगासारख्या पिळलेल्या पाकळ्या. काकूंना फोन केला तर म्हणतात, "अगं, २८ तारखेला कुंडी बदलली होती, लक्षात राहावं म्हणून लिहिलं."

तेव्हापासून जे शिकले ते इथे क्रमाने देते. ठाणे, नवी मुंबईत आपल्याला जी ऑर्किडं मिळतात त्यांतली बहुतेक संकरित असतात आणि बरीचशी बिनलेबलाची. हौशी मंडळी अशा झाडाला 'नोआयडी' म्हणतात.

काय काय लागेल

दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग (स्टेशनरीच्या दुकानात मिळतं), शिंप्याची टेप किंवा पट्टी, टूथपिक, काळ्या कापडाचा तुकडा, फोन, एक वही आणि २बी पेन्सिल. बस. महागडं काही नको.

१. आधी ठरवा, नाव कशाला हवंय

झाड जगवायचं असेल तर पूर्ण नावाची गरज नाही, गट कळला की पुरे. वांडा असेल तर रोज पाणी आणि भरपूर उजेड, फॅलेनोप्सिस असेल तर सावली. एवढ्यावर निम्मं काम होतं.

नाव अडतं ते दोन ठिकाणी. एक, प्रदर्शनात स्पर्धेला ठेवायचं असेल तर. दोन, स्वतः संकर करून त्याची नोंदणी करायची असेल तर. संकराची नोंदणी लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे होते आणि तिथे आईबाप दोन्ही माहीत असावे लागतात. 'आई माहीत नाही, पण दिसायला सुंदर आहे' हे तिथे चालत नाही.

इथेच नावाचा मामला समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ऑर्किडमध्ये एका जोडीच्या सगळ्या मुलांना मिळून एकच नाव असतं, त्याला ग्रेक्स म्हणतात. एका शेंगेत हजारो, कधी लाखो बिया असतात आणि त्यातून उगवलेली भावंडं एकमेकांसारखी असतीलच असं नाही. एक गडद, एक फिकं, एकाच्या पाकळ्या रुंद, एकाच्या अरुंद. नाव मात्र सगळ्यांचं तेच. त्यातलं एखादं झाड फारच सरस निघालं तर त्याला स्वतःचं वेगळं नाव देतात, ते एकेरी अवतरणात लिहितात आणि टिश्यू कल्चरने त्याच्या हुबेहूब प्रती काढतात. म्हणून फोटो जुळला म्हणजे नाव जुळलं असं होत नाही. उलट, दोन वेगळ्या ग्रेक्सची फुलं सख्ख्या बहिणींसारखी दिसू शकतात.

२. कुंडीची झडती घ्या

झाडाकडे बघण्याआधी कुंडी बघा. कुंडीच्या बुडाशी, कडेला, बाहेरच्या बाजूला आकडा किंवा स्टिकर आहे का? मग कुंडी बदलायची वेळ आली की मुळांच्या मधोमध नीट पाहा. रोप लहान असताना ते काथ्याच्या किंवा स्पंजच्या गोळ्यात वाढवलेलं असतं आणि मोठ्या कुंडीत बसवताना माळी तो गोळा तसाच आत ढकलतो. त्यात कधीकधी मूळची चिमुकली पट्टी अडकलेली सापडते. मला अकरापैकी एका कुंडीत सापडली. जमिनीत पुरलेला हंडा मिळाल्यासारखं वाटलं.

जुनी पाटी कोरी दिसली तरी फेकू नका. कुंडीतल्या मिश्रणात खुपसलेला भाग उन्हापासून वाचलेला असतो, तिथे अक्षरं शिल्लक असतात. बॉलपेनने लिहिलेलं असेल तर शाई गेली तरी दाबाची खूण राहते. पाटी दिव्यासमोर तिरपी धरा, किंवा वर कागद ठेवून पेन्सिल हलकी आडवी घासा, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी.

झाड ज्याने दिलं किंवा विकलं त्याला विचारा. हे मी दुसरं लिहिलंय पण खरं तर पहिलं करायचं. घोडबंदर रोडच्या एका नर्सरीत मी नाव विचारलं तर माळीदादा म्हणाले, "ताई, ऑर्किडच आहे ना, अजून काय नाव?" त्यांचं चूक नाही. माल थायलंडहून किंवा पुण्याकडच्या हरितगृहांतून खोक्याने येतो आणि नाव असलं तर खोक्यावर असतं. म्हणून नाव विचारू नका, खोकं विचारा. "ट्रेवर काही कोड होता का दादा?" असं विचारलं की कधी कधी खरंच पुठ्ठ्याचा तुकडा काढून देतात. बिल मिळालं तर त्याचा फोटो काढून ठेवा.

३. फूल नसताना झाड वाचा

इथे घाई केलीत तर पुढे सगळंच चुकतं. पहिला प्रश्न: झाड वर वाढतंय की बाजूला सरकतंय?

वरच वाढणारी, एकाच शेंड्याची झाडं म्हणजे वांडा आणि फॅलेनोप्सिस यांचं कुटुंब. दोन्ही बाजूंना पट्ट्यासारखी कडक पानं आणि लोंबणारी जाड मुळं असतील तर वांडा. तिथे पान आडवं कापल्यावर कसं दिसेल याचा विचार करा. इंग्रजी व्ही अक्षरासारखं पन्हाळ दिसलं तर पट्टापानी वांडा. पेन्सिलीसारखं गोल असेल तर त्यात पॅपिलिओनँथेचं रक्त आहे, सिंगापूरचं राष्ट्रीय फूल मिस जोआकिम त्याच घरातलं. अधलंमधलं, खोल खाच असलेलं असेल तर गोल आणि पट्टापानी यांचा संकर. झाड उंच, दोन पानांतलं अंतर जास्त आणि फुलं चांदणीसारखी सपाट असतील तर मोकारा. नवी मुंबईच्या गच्च्यांवर कुंपणासारखी लावलेली दिसतात ती बहुतेक हीच. फॅलेनोप्सिसची पानं मात्र रुंद, मांसल, लोळणाऱ्या जिभेसारखी आणि खोड जवळजवळ नाहीच.

बाजूला सरकणाऱ्यांत उसासारख्या कांड्या असतील तर डेंड्रोबियम. चपटा, गुळगुळीत बल्ब (खोडाचा फुगीर भाग) आणि वर पातळ पानं असतील तर ऑन्सिडियम. गदेसारखा बल्ब आणि त्याच्या डोक्यावर कातडी पान असेल तर कॅटलिया. कॅटलियात बल्बवर पान एक आहे की दोन हे मोजा. एकपानी घराण्याची फुलं मोठी आणि थोडी, दुपानी घराण्याची लहान आणि घोसात.

एक अपवाद सांगते. गवतासारख्या लांब पानांचा जुडगा असेल आणि विकणारा म्हणाला की 'सिंबिडियम आहे, छान फुलतं', तर नमस्कार करून पुढे निघा. बाजारातल्या मोठ्या फुलांच्या सिंबिडियमला थंड रात्री लागतात, आपल्याकडे ते फक्त पानं दाखवतं. नोबिल प्रकारच्या डेंड्रोबियमचीही तीच रड.

४. फूल आलं की पंचनामा करा

पहिल्या बहरावर विश्वास ठेवू नका. प्रवासाने दमलेलं झाड फूल लहान काढतं, रंग फिका काढतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात उमललेलं फूल आणि जानेवारीतलं तेच फूल यांत इतका फरक असतो की मी एकदा एकाच झाडाच्या दोन नोंदी वेगळ्या झाडांच्या म्हणून केल्या होत्या. पंचनामा दुसऱ्या बहराचा पक्का धरा.

फोटो चार काढा: समोरून, बाजूने, मागून आणि पूर्ण झाडाचा. मागे काळं कापड, शेजारी पट्टी, सकाळचा सावलीतला उजेड. ट्यूबलाइटखाली जांभळं निळं दिसतं आणि फोनचा कॅमेरा तर गुलाबीला हमखास फसवतो. वहीत लिहा: तारीख, दांडा कुठून निघाला, फुलं किती, फुलाची रुंदी सेंटीमीटरमध्ये, फुलं किती दिवस टिकली.

वास स्वतंत्र लिहा आणि दिवसातून तीनदा घ्या. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊनंतर. काही ऑर्किडं दिवसा मुकी असतात.

बाजूने काढलेला फोटो लोक विसरतात, पण माझ्या मते तोच सगळ्यात बोलका. डेंड्रोबियमचं फूल आडवं धरा आणि ओठाच्या (म्हणजे वेगळ्या आकाराच्या खालच्या पाकळीच्या) मागे हनुवटीसारखा जो फुगवटा असतो तो बघा. सोनियाच्या वंशावळीत जे ऑस्ट्रेलियातलं डेंड्रोबियम बिगिबम आहे, त्याचं नावच या हनुवटीवरून पडलंय: बिगिबम म्हणजे दोन उंचवट्यांचं. ती हनुवटी, आणि समोरून आतल्या दोन पाकळ्या रुंद, गोल, सपाट, हे जमलं तर आपण 'डेन-फॅल' गटात, म्हणजे फॅलेनोप्सिससारख्या फुलांच्या डेंड्रोबियममध्ये आहोत.

परागपिंडही मोजता येतात. फुलाच्या मध्ये जो खांब असतो त्याच्या टोकाला टोपी असते, टूथपिकने खालून हलकेच उचलली की पिवळे गोळे चिकटून येतात. वांडा आणि फॅलेनोप्सिसमध्ये दोन, खाली देठ आणि चिकट चकती. डेंड्रोबियममध्ये चार, नुसतेच, देठाशिवाय. कॅटलियात चार, तिच्या नात्यातल्या ऱ्हिंकोलेलिया आणि ब्रासाव्होलामध्ये आठ, आणि त्यांच्या संकरात चार मोठे, चार लहान असंही दिसतं. सावधान: टोपी काढलेलं फूल एकदोन दिवसांत मान टाकतं. म्हणून दांड्यावरचं शेवटचं फूल घ्या. घरात सासूबाई असतील तर त्यांच्या देखत करू नका, हा अनुभवाचा सल्ला.

५. चेहऱ्यावरून घराणं ओळखा

आपल्याकडे म्हणतात ना, नाक अगदी आजोबांवर गेलंय, तसंच हे. संकर कितीही गुंतागुंतीचा असो, काही पूर्वज आपला ठसा सोडत नाहीत.

डेंड्रोबियमच्या वरच्या दोन पाकळ्या हरणाच्या शिंगांसारख्या उभ्या आणि पिळलेल्या असतील तर त्यात न्यू गिनीकडचं 'अँटिलोप' घराणं आहे. माझं '२८' यातलंच.

फॅलेनोप्सिसच्या ओठाच्या टोकाला दोन बारीक मिशा असतील तर अमाबिलिस किंवा अफ्रोडाइटचं रक्त, मोठी पांढरी फुलं तिथूनच आली. लहान, भरपूर, गुलाबी फुलं आणि मिशा नाहीत, तर इक्वेस्ट्रिस. पानांवर चंदेरी नक्षी असेल तर शिलेरियाना किंवा स्टुअर्टियाना. दांडा ताठ उभा आणि पानं कडक असतील तर पुल्चेरिमा. आपल्याकडे फॅलेनोप्सिसचा दांडा बहुधा डिसेंबर-जानेवारीत, रात्री जरा गार झाल्यावर निघतो. त्यामुळे तो कधी निघाला यावरून घराणं ठरवू नका.

वांडात निळसर चौकटीची जाळी दिसली तर ती आपल्या मेघालयाच्या खासी टेकड्यांत वाढणाऱ्या वांडा सेरुलियाकडून आली. तिच्या पाकळ्या मुळाशी पिळतात, म्हणून मध्ये फट दिसते. फूल गोल, भरलेलं, सपाट आणि खालचा अर्धा भाग तपकिरी छटेचा असेल तर फिलिपिन्सची सँडेरियाना. या दोघींचा पहिला संकर रॉथ्सचाइल्डियाना १९३१ साली नोंदला गेला आणि आज विकल्या जाणाऱ्या निळ्या-जांभळ्या मोठ्या वांडांपैकी बहुतेकींच्या वंशात या दोघी असतातच. म्हणूनच निळा वांडा ओळखणं सगळ्यात अवघड, सगळ्या एकाच माहेरच्या. फुलांचा लोंबता, गच्च तुरा आणि सुवास असेल तर ऱ्हिंकोस्टायलिसचा वाटा, म्हणजे आपल्या सीतेच्या वेणीचा किंवा तिच्या भावंडांचा.

कॅटलियाच्या ओठाला झालर आणि रात्री लिंबासारखा वास असेल तर ऱ्हिंकोलेलिया डिग्बियाना. ठेंगणं झाड आणि लालभडक फूल असेल तर कॅटलिया कोक्सिनिया. ऑन्सिडियमला चॉकलेटचा वास येत असेल तर शॅरी बेबी डोक्यात ठेवा, हा एक ग्रेक्स वासावरूनच जगभर विकला जातो.

६. आता नोंदवहीत शोधा

१८५६ साली इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या व्हीच नर्सरीत जॉन डॉमिनीने तयार केलेलं पहिलं मानवनिर्मित संकरित ऑर्किड फुललं, ते कॅलँथे गटातलं. पुढे संकर इतके झाले की १९०६ मध्ये ऑर्किडचे व्यापारी सँडर यांनी त्यांची यादीच छापली आणि १९६१ पासून नोंदणीचं काम रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आलं. आज त्या नोंदवहीत एक लाखाहून जास्त संकर आहेत आणि ती ऑनलाइन फुकट बघता येते.

पण ती वापरायची कशी? तिथे फोटो टाकून नाव मिळत नाही. ती म्हणजे नाव आणि आईबाप यांची वही. तुमच्याकडे संशयित नाव असेल तर त्याचे आईबाप काढा, मग त्यांचे आईबाप, असं चार पिढ्या मागे जा. वंशावळीत तुम्ही पाचव्या पायरीवर ओळखलेला पूर्वज नसेल तर ते नाव बाद. नोंदवही तुम्हाला 'हेच आहे' कधीच सांगत नाही, पण 'हे नाही' फार छान सांगते. एखादं नाव बाद झालं तर तीही कमाई समजा.

नावं बदललेली असतात हे लक्षात ठेवा. जुन्या पाटीवर 'एस्कोसेंडा' असेल तर आता ते वांडात गेलं. 'डोरिटीनॉप्सिस' आता फॅलेनोप्सिस. 'बीएलसी' (ब्रासोलेलिओकॅटलिया) लिहिलेलं असेल तर तो कॅटलियाचा गोतावळा, त्यातले बरेचसे आता 'आरएलसी' (ऱ्हिंकोलेलिओकॅटलिया) म्हणून नोंदलेले सापडतात.

मग मोठ्या उत्पादकांचे कॅटलॉग चाळा. बाजारात ढिगाने आलेलं झाड असेल तर ते बहुधा टिश्यू कल्चरचं, म्हणजे कोणाच्या तरी कॅटलॉगमध्ये त्याचा फोटो असतो. फोटोवरून नावापर्यंत जाण्याची खरी शक्यता असते ती इथेच. आणि तरीही 'बहुधा' हा शब्द सोडू नका.

७. कुठे फसायला होतं

*निळाशार फॅलेनोप्सिस.* दांड्यात रंग टोचलेला असतो. दांड्याच्या बुडाशी मेणाने बुजवलेलं भोक शोधा. पुढचा बहर पांढरा. वाशीतल्या माझ्या मैत्रिणीने असं आणलं आणि दुसऱ्या वर्षी पांढरं फूल बघून तिला वाटलं, आपल्याच पाण्यात काही दोष आहे.

*फोनचं ॲप.* गट बहुतेक वेळा बरोबर सांगतं. त्यापुढचं नाव ऐकून हसायचं आणि विसरायचं.

*ठामपणे सांगणारे लोक.* ग्रुपवर फोटो टाकलात की पाच मिनिटांत नाव येतं. विचारा, "कशावरून?" उत्तर 'माझ्याकडेपण सेम आहे' असेल तर पुढचा प्रश्न, "तुमच्याकडचं लेबल कुठून आलं?" मी वाटलेली ती दोन पिल्लं आठवा. त्यातलं एक पुढे खारघरला गेलंय, पाटीसकट.

*जंगलातलं.* पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला कोणी फांदीसकट ऑर्किड विकत असेल तर तो संकर नाही, ओरबाडून आणलेली आमरी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड आहे. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून काहीही उचलणं गुन्हा आहे. अशी झाडं ग्रिलमध्ये फार दिवस टिकतही नाहीत.

*डीएनए तपासणी.* कोणीतरी सुचवतंच. तुलनेला खात्रीचं लेबल असलेलं झाड लागतं, तेच तर नाही आपल्याकडे.

८. दाखवा आणि विचारा

महापालिकांच्या फुलझाडांच्या प्रदर्शनांत, भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या प्रदर्शनात, ऑर्किडवाली मंडळी भेटतात. झाड उचलून नेऊ नका, वही आणि ते चार फोटो न्या. "हे काय आहे?" असं विचारलंत तर "ऑर्किड" असं उत्तर मिळेल. "ओठाला मिशा नाहीत, दांडा ताठ आहे, रुंदी साडेचार सेंटीमीटर, पुल्चेरिमा वाटतं का?" असं विचारलंत तर समोरचा चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढतो.

९. पाटी लिहा, पण पेन्सिलने

शाईचा कुठलाही पर्मनंट मार्कर आपल्या उन्हात पर्मनंट नसतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर २बी पेन्सिलने लिहिलेलं वर्षानुवर्षं राहतं. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापलंत तरी चालतं, जरा पॉलिशपेपरने खरखरीत करून घ्या. प्रत्येक कुंडीला दोन पाट्या करा, एक वर दिसणारी, एक मिश्रणात पूर्ण पुरलेली. तोच क्रमांक वहीत.

पाटीवर जेवढं खात्रीचं तेवढंच ठाम लिहा, बाकी प्रश्नचिन्हासह. आणि तारीख लिहिलीत तर ती कसली तारीख आहे हेही लिहा. माझ्या सात नंबरच्या कुंडीवर आता असं आहे:

'क्र. ७. डेंड्रोबियम संकर, अँटिलोप गट. ग्रेक्स माहीत नाही. हिरवट पिवळं, ६ सेंमी, वास नाही. नेरूळच्या काकूंकडून. २८ म्हणजे कुंडी बदलल्याची तारीख.'